तिसरी सून

बाई, उद्या सकाळी आमच्या सासूबाईंना न्यायला पुण्याहून गाडी येणार आहे. पुण्याला म्हणजे नणंदेच्या घरी नव्हे, तिच्या घरापासून जवळ असलेल्या एका वृद्धाश्रमात. आज दुपारी नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि मी म्हणाले, "हो, घेऊन जा." फोन ठेवल्यावर हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण जिवंत माणसांत कुणी सापडेना. जिवंत माणसं एक तर 'बरं केलंस' म्हणतात, नाही तर 'अरेरे' म्हणतात, आणि तेवढं म्हणून झालं की आपल्या आईचा विषय निघायच्या आत उठून जातात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरेवरची अक्षरंही आता बोटानं चाचपून वाचावी लागतात. म्हणून तुम्हालाच लिहितेय. छापायचं नाही, संपादक नाही, तुमचं उत्तर यायचं नाही. इतका मोकळा हात मला आजवर मिळाला नव्हता.

दर रविवारी चर्चमध्ये भरणाऱ्या तुमच्या शब्बाथशाळेतली ती मुलगी मी, जिला तुम्ही म्हणायचात, "प्रश्न विचारायला तोंड उघडतेस तेवढंच गाणं म्हणायलाही उघडत जा." गाणं काही जमलं नाही. आता पन्नाशी ओलांडली आहे, कॉलेजात मराठी शिकवते आणि रविवारच्या पुरवणीत लोकांना टोचून लिहिते. माझ्या सदरात आपलं नाव येईल की काय या धास्तीनं सोलापुरातली काही मोठी माणसं रविवारी पेपर मागच्या पानापासून वाचतात, असं मला सांगतात. आणि घरी एक म्हातारी आहे, ती मला रोज विचारते, "तू कुनाची गं?"

ती मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरातली. सोलापुरात दवाखान्यात आया म्हणून तिनं उभा जन्म काढला, एकटीनं दोन मुलं वाढवली. त्यातला मुलगा, म्हणजे माझा नवरा, सहा वर्षांमागं गेला, आणि त्यानंतर सासूबाईंची आठवण एखाद्या मोठ्या घरातली एकेक खोली बंद करत जावं तशी बंद होत गेली. आधी मी विसरले गेले. मग मुलगा गेल्याचं त्या विसरल्या. तो ड्युटीवर आहे असं त्या मला सांगतात, आणि तो यायच्या आत मी निघून गेलेलं बरं, असंही सुचवतात. दिवेलागणीला त्यांची घालमेल सुरू होते. "आता जा की बाई तुज्या घरी. अंधार पडतोय. तुजी मान्सं वाट बगत असत्याल." मी म्हणते, "आत्या, मी इथंच राहते." "हितं? हितं का म्हून? हितं तुजं कोन हाय?" 

जेवणाआधीची प्रार्थना मात्र त्या विसरलेल्या नाहीत. हात जोडतात, डोळे मिटतात, भाकरीबद्दल उपकार मानतात आणि म्हणतात, "प्रभू, ह्या बाईला तिच्या घरी सुखरूप पोचीव." मी समोर बसून 'आमेन' म्हणते. एकाच घरातून वर दोन अर्ज जातात. त्यांचा, की हिला घरी पोचव. माझा, की मला यातून सोडव. नीट पाहिलं तर दोन्ही अर्ज एकच आहेत, आणि तरी निकाल लागत नाही.

तुम्ही बायबलातली रूथची गोष्ट शिकवलीत तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. परमुलखातली सून, नवरा मेलेला. सासू नामी आपल्या गावी परत निघते आणि दोन्ही विधवा सुनांना सांगते, जा गं, आपापल्या आईच्या घरी जा. एक सून अर्पा, ती रडते, सासूचा मुका घेते आणि जाते. दुसरी रूथ, ती जात नाही. तुम्ही जाल तिथं मी येणार, तुमची माणसं ती माझी, तुमचा देव तो माझा, मेले तरी तुमच्याच मातीत, असं ती बोलून टाकते. आम्हा मुलींना ते तोंडपाठ होतं. पण बाई, रूथला ते एकदाच बोलावं लागलं. नामी शहाणी, एकदा ऐकून गप्प बसली. मला रोज संध्याकाळी बोलावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटी परत कोरी.

मी थकले असं लिहिलं तर ते खोटं ठरेल, कारण थकलेलं माणूस झोपतं. माझ्या मनगटापासून दंडापर्यंत त्यांच्या नखांचे वळ आहेत. कॉलेजात मी लांब बाह्यांची पोलकी घालते आणि सोलापूरच्या मार्चमध्ये मला कुणी त्याचं कारण विचारत नाही, कारण प्राध्यापिका थोड्या चक्रम असायच्याच. सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या. एकीला त्यांनी चोर ठरवलं. दुसरीला दवाखान्यातली शिकाऊ पोरगी समजून एकच फरशी पुन्हा पुन्हा पुसायला लावली, ती जाताना मला म्हणाली, "मॅडम, तुमची म्हातारी लई कडक हाय, पर काम शिकवती मातर चांगलं." तिसरी आलीच नाही. मग मागच्या आठवड्यात मी बाहेरून कडी-कुलूप लावून कॉलेजला जाऊ लागले. लिहिताना सोपं वाटतं. कडी लावताना आवाज होऊ नये म्हणून मी ती आधी तेलानं पुसली होती.

आमच्या शेजारी यंत्रमाग आहे. मालकीणबाई तेलुगू, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. परवा मी घरी आले तर अक्का आमच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या आणि आतल्या सासूबाईंशी गप्पा मारत होत्या, तेलुगूत. सासूबाई मंगळवेढ्याच्या मराठीत उत्तरं देत होत्या. दोघींचं छान चाललं होतं. मला बघून अक्का उठल्या. "टीचर, असं कोंडून जाऊ नका हो. दुपारी लाइट गेली, माग बंद झाला, तेव्हा आवाज ऐकू आला मला. किती वाजवत होती दार." मी मान खाली घालून कुलूप काढलं, आणि मग पायरीवरच बसले. लाइट त्या दिवशी गेली होती. आधीच्या दिवशी माग दिवसभर चालू होता. त्याच्याही आधीच्या दिवशी चालू होता. अक्कांनी मला पाणी आणून दिलं. 

म्हणून नणंदेला 'हो' म्हणाले. ती वाईट नाही. तिचा नवरा अंथरुणाला, तिची स्वतःची गुडघेदुखी, तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. वृद्धाश्रम तिनं स्वतः जाऊन पाहिला, तिथं प्रार्थना होते, बाग आहे, रात्रपाळीला नर्स आहे. मला त्यात नाव ठेवायला जागा सापडेना, आणि नाव ठेवणं हा माझा धंदा आहे.

आता ह्यातला विनोद ऐका. परवा रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत उपकारस्तुतीचा सण. कणसं, भोपळे, केळी आणून वेदीपुढं मांडायची आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव करायचा, तुमच्या वेळी होत असे तसाच. एकच भोपळा तीन जणांनी चढाओढीनं घ्यायचा आणि घरी नेऊन कुणीच खायचा नाही. ह्या वर्षी त्याच कार्यक्रमात माझा सत्कार आहे. पाळकसाहेबांनी मागच्या रविवारी वेदीवरून सांगितलं, "आपल्या मंडळीत आजही एक रूथ आहे," आणि सगळ्या बाकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर. म्हणजे शनिवारी सासू गाडीत बसवायची आणि रविवारी तिला सांभाळल्याबद्दल मिळालेली चादर अंगावर घ्यायची. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलं असतं तर वाचकांनी पत्रं पाठवली असती, की बाई, अतिशयोक्ती करता.

शास्त्रात दोनच सुना आहेत. एक सासूबरोबर गेली, एक माहेरी गेली. मी पुन्हा काढून पाहिलं. स्वतः घरात राहून सासूला बाहेर धाडणारी तिसरी सून त्यात कुठंच नाही. तिला एक नावही मिळालेलं नाही.

अर्पाबद्दल मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? तुम्ही आमचा वर्ग एसटीनं मंगळवेढ्याकडं एका ओळखीच्या शेतात नेला होता, रूथनं काय केलं ते कळावं म्हणून. ज्वारीची काढणी झालेली, कणसं मोडून एका बाजूला ढीग लावलेला. सरवा वेचायचा, म्हणजे काढणीत रानात पडून राहिलेली कणसं गोळा करायची, ती गरिबाची, ती मालकानं अडवायची नाहीत, असं तुम्ही बसमध्येच समजावलं होतं. पण आम्ही शहरातली पोरं. रानात वाकून एकेक कणीस शोधण्यापेक्षा आम्हाला ढीग बरा वाटला. आम्ही देवाच्या नावानं त्या ढिगावर तुटून पडलो आणि फ्रॉकांचे ओचे भरले. मालक बांधावरून बोंबलत आला. "ओ बाई, ही पोरं सरवा येचत्यात का दरोडा घालत्यात?" तुम्ही म्हणालात, "लेकरं आहेत, पडलेलं आणि ठेवलेलं त्यांना कळत नाही." तो म्हणाला, "मग वाकाय शिकवा की." सगळं परत ढिगात टाकायला लावलंत आणि आम्हाला उन्हात, धसकटांतून, वाकायला लावलंत. माझ्या टाचेत धसकट घुसलं. मी तिथंच फतकल मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "मी अर्पा. मी घरी चालले." सगळी पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. माझी टाच हातात घेऊन धसकट उपसलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "अर्पा व्हायला माहेर लागतं. तुला आहे म्हणून सुचतंय." तेव्हा मला तो फक्त एक टोमणा वाटला. आता आई-वडील नाहीत, टेंभुर्णीला भाऊ आहे, आणि त्याच्या दारात गेले की वहिनी म्हणते, "या, बसा." ज्या घरात 'या, बसा' म्हणतात तिथं माणूस परत जाऊ शकत नाही, फक्त चहा पिऊ शकतो.

त्या दिवशी पोरांनी वेचलेली ज्वारी तुम्ही दळून आणलीत आणि पुढच्या रविवारी आपल्या स्वयंपाकघरात भाकऱ्या केल्यात. प्रत्येकाला चतकोर. मी आजही तुमचं ते स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आणू शकते. चर्चच्या मागच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत तुमची सासू खाटेवर. आंधळी, आणि आवाज असा की घंटा वाजवायला वेगळा माणूस नको. तुमच्या नवऱ्यानं दुसरीकडं संसार थाटला होता हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, आणि त्याची आई तुम्ही सांभाळत होतात. तीच तुम्हाला म्हणायची की तिचा मुलगा तुमच्यामुळं गेला. बायका तुम्हाला रूथ म्हणायच्या. एकदा कुणीतरी तोंडावर म्हणालं तेव्हा तुम्ही ताडकन बोललात, "मला रूथ म्हणू नका. रूथची सासू गोड बोलायची."

मी एकदा भाकरी मागायला म्हणून मागच्या दारानं आले होते. तुम्ही उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होतात. बाहेरून सासू काहीतरी शिव्या देत होती आणि प्रत्येक शिवीवर तुमचा घाव पडत होता. चटणी केव्हाच झाली होती, तेल सुटलं होतं, आणि तुम्ही कुटतच होतात. माझ्याकडं लक्ष गेलं तशा म्हणालात, "काय बघतेस? चटणीला जोर लागतो." मी मोठी होईपर्यंत चटणीला तेवढाच जोर लागतो असं समजून चालले.

त्याच स्वयंपाकघरात तुम्ही आम्हाला पुढची गोष्ट सांगितलीत. नामी गावात पोचते, बायका जमतात, आणि ती सगळ्यांदेखत म्हणते की मी भरलेली गेले होते, देवानं मला रिकामी परत आणली. रूथ बाजूलाच उभी. मैलोन्‌मैल चालत आलेली, पायांना फोड आलेले, आणि सासू गावाला सांगते की माझ्याबरोबर काही नाही. आमच्याकडं कुणी आलं की सासूबाई सांगतात, "माजं हितं कुनी न्हाय बगा." मी चहाचा ट्रे घेऊन उभी असते. पाहुणे माझ्याकडं बघत नाहीत, ट्रेकडं बघतात. रूथ त्या वेळी काय म्हणाली, असं मी विचारलं होतं. "काही नाही. गप्प राहिली," तुम्ही म्हणालात. मग मी विचारलं, ज्या देवानं सासूचं असं केलं तो देव तिनं आपला का मानला? तिला त्याची काय माहिती होती? सासूची तेवढी होती, आणि सासू तर त्याच्यावर रुसलेली. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटली. "ते मला कळलं की तुला सांगते." ते न सांगताच तुम्ही गेलात, म्हणून आज मी दुपारभर तुमच्याशी भांडत बसले आहे. मला विश्वासाबद्दल आता एवढंच माहीत आहे की तो माझ्याकडं होता तेव्हा मला त्याची गरज नव्हती.

इथवर लिहिलं आणि सासूबाई उठल्या.

आता परत बसलेय. जे झालं ते जसंच्या तसं सांगते. त्या खाटेवर उठून बसल्या, खिडकीकडं पाहिलं आणि नेहमीचं सुरू झालं. "जा की बाई तुज्या घरी." मी रोजचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि ते आलं नाही. खरंच आलं नाही. मी म्हणाले, "बरं, जाते." पर्स उचलली, चपला घातल्या आणि दाराबाहेर आले. मला नाटक करायचं नव्हतं, बाई. मला जायचं होतं. कुठं ते माहीत नव्हतं. फाटकाशी पोचले तेव्हा मागून काठीचा आवाज आला. अनवाणी, पदर खाली घसरलेला, भिंतीला धरून धरून त्या येत होत्या. "थांब गं. थांब की." मी थांबले. त्यांनी माझा हात मनगटापाशी धरला, जिथं वळ आहेत तिथंच. "मला बी ने तुज्यासंगं. हितं माजं कोन हाय?"

 मी त्यांना त्यांच्या चपला आणून घातल्या. आम्ही दोघी चालत निघालो, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. वाटेत सासूबाईंनी विचारलं, "लांब हाय का तुजं गाव?" मी म्हणाले, "नाही, आत्या. जवळच आहे." दुकानाला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं परत त्याच फाटकातून आत आले. उंबऱ्याशी त्या अडखळल्या, पाहुणीसारख्या. "येऊ का आत?" मी म्हणाले, "या." मग त्यांनी तीस वर्षं स्वतः सारवलेल्या, नंतर स्वतः फरशी घातलेल्या खोलीत इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ब्येस हाय की तुजं घर." आपल्याच खाटेच्या कडेला अंग चोरून बसल्या. पाणी मागताना "तरास न्हाय न्हवं?" असं विचारलं. माझ्याशी त्या इतक्या अदबीनं लग्नाच्या पहिल्या दिवशीही बोलल्या नव्हत्या. पाण्याचा तांब्या हातात धरून, माझ्याकडं न बघता, त्यांनी विचारलं, "सकाळच्या पारी मला घालवून तर न्हाय न्हवं देनार?"

मी म्हणाले, "नाही."

मग स्वयंपाकघरात जाऊन नणंदेला फोन लावला. "ताई, उद्या गाडी नको."  ती म्हणाली, "वहिनी, काही झालंय का?" "नाही. त्या माझ्याकडं राहायला आल्यात." तिला काय कळलं ते कळलं नाही. तिनं मला समजावलं नाही, हेही तिचं चांगलंच म्हणायचं. एवढंच विचारलं, "मग कधी येऊ?" मी म्हणाले, "सोमवारी फोन करा." "सोमवारी तुम्ही काय म्हणाल?" "ते सोमवारी सांगते."

सासूबाई आता बाहेर बसून भाकरीचे तुकडे करताहेत, माझी वाट बघत. पाहुण्यांनी यजमानिणीच्या आधी जेवू नये, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी कॉलेज आहे, आणि दाराला बाहेरून कडी आहे, आणि माग चालू असणार. ह्यातलं काहीच बदललेलं नाही. रविवारी ती चादर घ्यायला उभी राहीन का, तेही ठाऊक नाही. हे पत्र टाकायला जगात पेटी नाही, तेव्हा लिहून ठेवायला हरकत नाही की दुपारी 'हो' म्हणाले तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, आणि मघाशी 'नाही' म्हणाले तेव्हाही नाही. बाई, रूथनं एका दमात मरेपर्यंतचं बोलून टाकलं. मला सोमवारपर्यंतचंच जमलं.